परदेशी शिक्षण : गर्दीच्या मागे जाण्याआधी



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. मोहल्ल्यातला कुणी कॅनडाला गेलेला असतो, कुणाचा भाचा जर्मनीत असतो, कुणाची पुतणी इंग्लंडमध्ये. मग आपल्या मुलाचे किंवा मुलीचे काय, अशी चर्चा दस्तरखानावर सुरू होते. या सदराकडेही पालकांचा एकच प्रश्न सारखा येतो : "मुलांना बाहेर शिकायला पाठवायचे तर सध्या कोणता देश चांगला?"

या महिन्यात आम्ही त्याच प्रश्नाकडे पाहणार आहोत. एका देशाचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण गेल्या तीन वर्षांत असे एक नाव ऐकून ज्यांनी निर्णय घेतला, त्यांतल्या अनेकांचा हिशोब मध्येच विस्कटला. देश वाईट नव्हते आणि मुलेही आळशी नव्हती. फी भरून झाल्यावर, मुले तिकडे पोहोचल्यावर नियम बदलले. म्हणून कुठल्या देशात परदेशी विद्यार्थी वाढले, कुठे घटले आणि का, हे आधी समजून घेऊ. घरचा हिशोब त्यानंतर मांडू.

प्रवास जुना, गर्दी नवी

इल्मसाठी घर सोडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. इमाम बुखारी यांनी बुखारा सोडले आणि मक्का, मदिना, बसरा, कूफा, बगदाद, इजिप्त अशी वर्षानुवर्षे पायपीट केली. आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तैयबजी यांना त्यांच्या वडिलांनी १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला शिकायला पाठवले. १८६७ साली ते बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

त्या काळी जाणारे हाताच्या बोटांवर मोजता येत. आता तसे नाही. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे २००० साली जगभरात सुमारे २० लाख विद्यार्थी आपला देश सोडून दुसऱ्या देशात शिकत होते. २०२२ साली ही संख्या ६९ लाखांच्या आसपास गेली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या सुरुवातीला परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी १३ लाखांहून अधिक होते.

पण याच काळात एक वळण आले. शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेल्या भारतीयांची संख्या २०२१ साली ४ लाख ४४ हजार होती, २०२२ मध्ये ती ७ लाख ५० हजार झाली आणि २०२३ मध्ये ८ लाख ९२ हजार. २०२४ मध्ये ती ७ लाख ५९ हजारांवर उतरली. संसदेत सरकारने दिलेले हे आकडे आहेत. कोरोनानंतर चढत चाललेला आलेख पहिल्यांदाच खाली आला. मुलांची हौस एका वर्षात कमी झाली नव्हती. दारांवरचे पहारे वाढले होते.

अमेरिका : तळे भरलेले, ओढा आटलेला

अमेरिकेचे आकडे वाचताना फसगत होते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. २०२३-२४ मध्ये तिथे भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजार झाले आणि कित्येक वर्षांनी भारताने चीनला मागे टाकले. २०२४-२५ मध्ये भारतीयांची संख्या आणखी वाढून ३ लाख ६३ हजार झाली. सगळ्या देशांचे मिळून परदेशी विद्यार्थी ११ लाख ७७ हजार, म्हणजे आजवरचा उच्चांक. हा आकडा एजंटच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

आता त्याच अहवालाच्या आत डोकावू. या एकूण संख्येत वर्गात बसून शिकणारी मुले असतात, तशीच शिक्षण संपवून 'ओपीटी' नावाच्या परवानगीवर नोकरी करणारी मुलेही असतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांच्या मुलांना ही परवानगी एकूण तीन वर्षांपर्यंत मिळते. २०२४-२५ मध्ये भारतीयांची एकूण संख्या वाढली ती या नोकरी करणाऱ्यांमुळे. मास्टर्स आणि पीएच.डी.च्या वर्गांतली भारतीय मुले मात्र जवळपास दहा टक्क्यांनी घटली होती. सगळ्या देशांचे नवे विद्यार्थी त्या वर्षी ७ टक्क्यांनी कमी आले. २०२५ च्या शरद सत्रात विद्यापीठांची पाहणी झाली तेव्हा नव्या विद्यार्थ्यांत १७ टक्क्यांची घट दिसली.

तळे भरलेले दिसते, पण त्यात येणारा ओढा आटतो आहे, असे हे चित्र आहे. म्हणून कोणत्याही देशाचा आकडा समोर आला की पहिला प्रश्न हा विचारावा : हे एकूण विद्यार्थी आहेत की यंदा नव्याने आलेले?

ओढा आटण्याची कारणे उघड आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती सुमारे तीन आठवडे थांबवल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अर्जदाराने आपली सोशल मीडियाची खाती सर्वांना पाहता येतील अशी उघडी ठेवावीत, अशी अट आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेतच शिकून तिथेच नोकरीत जाणाऱ्यांना ते लागू नाही, हे महिनाभराने स्पष्ट करण्यात आले. पण तो महिना कर्ज काढून मुलांना पाठवलेल्या पालकांनी कसा काढला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

कॅनडा : आठ वर्षांत तिप्पट, मग कुलूप

कॅनडात २०१५ च्या अखेरीस स्टडी परमिट असलेले विद्यार्थी सुमारे साडेतीन लाख होते. २०२३ च्या अखेरीस ते दहा लाखांच्या पुढे गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग वर्क परमिट, मग कायमचे वास्तव्य अशी एक साखळी एजंट लोकांच्या तोंडी पाठ झाली होती.

जानेवारी २०२४ पासून या साखळीची एकेक कडी घट्ट होऊ लागली. बँकेत दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ वर नेली गेली, आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२ हजार ८९५ झाली. म्हणजे फी वगळून आपल्या चलनात साधारण १४ लाख रुपये. जानेवारी २०२४ मध्येच नव्या परमिटवर मर्यादा आली आणि त्या वर्षासाठी ३५ टक्के कपात ठरली. खासगी संस्थेच्या वर्गात शिकवून सरकारी कॉलेजचे प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांना, मे २०२४ नंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी, वर्क परमिट बंद झाले. पुढे कॉलेजच्या डिप्लोमावाल्यांना ठरावीक शाखांतच ते मिळेल असा नियम आला. पती किंवा पत्नीच्या वर्क परमिटवर बंधने आली. कायमच्या वास्तव्याचे २०२५ चे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने २०२६ साठी नव्या विद्यार्थ्यांची संख्या १ लाख ५५ हजार ठेवली. आदल्या वर्षीच्या योजनेत ती ३ लाख ५ हजार होती.

आधीपासून शिकत असलेल्यांना काही नियमांतून सूट मिळाली, हे खरे. पण ज्या घरांनी फक्त शेवटच्या कडीवर, म्हणजे तिथे कायमचे राहण्यावर, सगळा हिशोब बांधला होता, त्यांच्या हातात डिप्लोमा आला आणि साखळी तुटली.

याच कॅनडात २०२३ साली बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघडकीस आले. मुलांनी एजंटला पैसे दिले, एजंटने खोटी पत्रे दिली आणि काही वर्षांनी मुलांवर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेण्याची पद्धत तिथे सुरू झाली.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया

ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरी करण्याची सवलत २०१२ साली बंद केली, २०२१ साली नव्याने सुरू केली आणि आता ती पुन्हा आखडती घेतली आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना आणि मास्टर्स झालेल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील. जो मुलगा सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला जाईल, तो या नव्या नियमात येईल. जानेवारी २०२४ पासून, संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर, विद्यार्थ्याला पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. ज्यांचा निकाह झालेला आहे त्यांनी ही अट आधी वाचावी. २०२२-२३ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थी सुमारे ७ लाख ५९ हजार होते, पुढच्या वर्षी ते ७ लाख ३२ हजार झाले. भारतीयही १ लाख ७३ हजारांवरून १ लाख ६६ हजारांवर आले.

ऑस्ट्रेलियाने २०२५ साठी नव्या विद्यार्थ्यांची पातळी २ लाख ७० हजार ठरवली आणि २०२६ साठी ती २ लाख ९५ हजार केली. व्हिसाचे शुल्क मात्र ७१० डॉलरवरून आधी १,६०० आणि जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले. व्हिसा नाकारला गेला तर हे लाखभर रुपये परत मिळत नाहीत. वर्षाच्या राहण्याच्या खर्चापोटी २९ हजार ७१० डॉलर दाखवावे लागतात ते वेगळेच.

दार का हलते?

चार देश, चार सरकारे, पण कारणे मिळतीजुळती आहेत. या देशांत परदेशी विद्यार्थी हा उत्पन्नाचा मोठा स्रोत आहे. अमेरिकेत २०२३-२४ या एका वर्षात परदेशी विद्यार्थ्यांमुळे अर्थव्यवस्थेत सुमारे ४४ अब्ज डॉलर आले. ब्रिटनमध्ये स्थानिक मुलांची फी सरकारने बांधून ठेवलेली आहे. २०१७ पासून २०२५ पर्यंत ती ९,२५० पौंडांवरच होती. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१९ साली स्थानिक मुलांची फी दहा टक्क्यांनी उतरवून गोठवली गेली. तूट भरून काढण्यासाठी कॉलेजांनी परदेशी मुलांना, अनेक पट फी लावून, भरभरून प्रवेश दिले.

मग घरे कमी पडू लागली, भाडी वाढली, स्थानिक मतदार चिडला आणि निवडणुकीत तो विषय झाला. सरकारने चावी फिरवली. उद्या कॉलेजे बंद पडायला लागली किंवा कामाला माणसे मिळेनाशी झाली की तीच चावी उलटीही फिरेल. ब्रिटनच्या इतिहासात ते दोनदा झालेच आहे.

आपल्या मुलाचे गुण, मेहनत, इंग्रजी हे आपल्या हातात आहे. चावी आपल्या हातात नाही. निर्णय घेण्यापासून पदवी मिळेपर्यंत दोन ते चार वर्षे जातात, आणि तेवढ्या वेळात यांतल्या प्रत्येक देशाने नियम बदललेले आहेत. आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

गर्दी वळली कुठे?

या चार देशांतून वळलेली वाट सर्वांत जास्त जर्मनीकडे गेलेली दिसते. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात तिथे परदेशी विद्यार्थी चार लाखांवर गेले. त्यांत भारतीय जवळपास ५९ हजार, म्हणजे सर्वांत मोठा गट. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त दर सत्राला थोडे शुल्क असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

पण 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य अर्धेच आहे. वर्षाच्या खर्चाचे ११ हजार ९०४ युरो, म्हणजे साधारण १२ लाख रुपये, आधी बंद खात्यात ठेवावे लागतात. दर महिन्याला त्यातले ९९२ युरोच काढता येतात. नुसत्या बारावीवर पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. इथल्या विद्यापीठात एक वर्ष पूर्ण करावे लागते किंवा तिथे 'श्टुडिएनकोलेग' नावाचे पूर्वतयारीचे वर्ष काढावे लागते. कागदपत्रे तपासून घेण्याचे 'एपीएस' प्रमाणपत्र भारतीयांना २०२२ च्या अखेरीपासून सक्तीचे आहे. मास्टर्स इंग्रजीत करता येते, पण रोजची नोकरी बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेशिवाय मिळत नाही. मुंबई-पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ही भाषा शिकता येते. जायचा विचार असेल तर दोन वर्षे आधी सुरुवात करावी. शिवाय फी घेणाऱ्या खासगी संस्थाही तिथे आहेत, आणि एजंट बहुतेक वेळा त्यांचीच नावे पुढे करतात.

जपानमध्ये मे २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थी ३ लाख ३६ हजार होते आणि २०३३ पर्यंत चार लाखांचे उद्दिष्ट आहे. दक्षिण कोरियाला २०२७ पर्यंत तीन लाख हवे आहेत. फ्रान्सने २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले आहे. या देशांत तरुण माणसे कमी होत आहेत किंवा त्यांना आपली विद्यापीठे जगात पुढे न्यायची आहेत, म्हणून आज त्यांची दारे उघडी आहेत.

कोकणातल्या कितीतरी घरांत एक पाय आखातात असतोच. त्यांच्यासाठी दुबई हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. बर्मिंगहॅम, हेरियट-वॉट, मिडलसेक्स या ब्रिटिश विद्यापीठांच्या शाखा तिथे आहेत. बिट्स पिलानी, मणिपाल आणि आपल्या पुण्याची सिम्बायोसिसही तिथे पोहोचली आहे. अबुधाबीत आयआयटी दिल्लीची शाखा आहे. वडील तिथेच नोकरीला असतील तर राहण्याचा खर्च वाचतो. मलेशियात १९८३ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ आहे, तशाच नॉटिंगहॅम आणि मोनॅश यांच्या शाखा आहेत. फी ब्रिटन-ऑस्ट्रेलियापेक्षा कमी पडते, हलाल जेवणाची आणि नमाजची चिंता नसते. फक्त तिथे शिकल्यावर तिथेच नोकरी मिळेल, हे गृहीत धरू नये.

डॉक्टरकीचा वेगळा हिशोब

वैद्यकीय शिक्षणासाठी आपली मुले रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, बांगलादेश, इराण अशा देशांत जातात. इथे खासगी कॉलेजची फी झेपत नाही आणि सरकारी जागा गुणांत बसत नाही, हे त्याचे साधे कारण. पण इथे परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर नियम आपल्या देशाचे आहेत आणि ते कडक आहेत. नीट पात्रता हवीच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना मिळायला हवा. एक अट चुकली तरी पाच-सहा वर्षे वाया जातात. नंतरच्या पात्रता परीक्षेत अलीकडे साधारण दर चार-पाच जणांत एकच पास होतो.

त्यात युद्धाची भर पडते. २०२२ साली युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थी परत आणावे लागले आणि अनेकांना उरलेला अभ्यास दुसऱ्या देशात पूर्ण करावा लागला. २०२४ च्या जुलैमध्ये बांगलादेशातून आणि २०२५ च्या जूनमध्ये इराणमधून मुलांना असेच परतावे लागले.

पाहुणे आपल्याकडेही

दाराच्या आतल्या बाजूलाही आपण आहोत, हे विसरू नये. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत भारतात ४६ हजार ८७८ परदेशी विद्यार्थी होते. सर्वांत जास्त नेपाळचे, त्याखालोखाल अफगाणिस्तानचे. पुण्याच्या कॅम्प आणि कोंढवा भागात अफगाण, येमेनी, आफ्रिकी मुले अनेकांनी पाहिली असतील. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा सुट्टीत घरी गेलेल्या अफगाण विद्यार्थ्यांचे भारतीय व्हिसा रद्द झाले आणि अनेकांची पदवी अर्धवट राहिली. परक्या मुलाला खोली भाड्याने देताना किंवा मशिदीत शेजारी उभा राहिल्यावर त्याची विचारपूस करताना हे लक्षात ठेवावे. आपलाही मुलगा कुठेतरी असाच परका असतो.

घरचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'कोणता देश चांगला' याऐवजी घरातल्या सर्वांनी, मुलाला किंवा मुलीला समोर बसवून, पुढचे प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा : शिक्षण संपताच परत यावे लागले, तर या पदवीला इथे किंमत आहे का? असेल, तर नियम बदलले तरी नुकसान मर्यादित राहते. नामांकित विद्यापीठाचे अभियांत्रिकीतले मास्टर्स पुणे-मुंबईतही चालते. अनोळखी कॉलेजचा 'बिझनेस मॅनेजमेंट'चा डिप्लोमा इथे फारसा कुणी विचारत नाही. तो फक्त तिथे राहण्याचे तिकीट होता, आणि ते तिकीट रद्द होऊ शकते.

दुसरा : पूर्ण खर्च किती? फी, राहणे, विमा, व्हिसा, तिकीट आणि रुपया घसरला तर दर वर्षी आठ-दहा टक्के जास्तीचे, असे सगळे कागदावर लिहावे. मुलाच्या पार्टटाइम कमाईची रक्कम त्यात धरू नये. कामाच्या तासांवर मर्यादा असते, शिवाय काम मिळेलच असे नाही. इथून मोठी रक्कम पाठवताना बँक कोणता कर गोळा करते आणि तो विवरणपत्रात कसा परत मागायचा, हेही आधी विचारून घ्यावे.

तिसरा : पैसा येणार कुठून? व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत केवळ आकड्यांचा नसतो. अनेक ठिकाणी चर्चा तिथेच अडते. मसअला आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा, ते आमचे काम नाही. आकडा तेवढा आम्ही सांगतो : ३० लाखांच्या कर्जावर दहा टक्के दराने वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार रुपये नुसते व्याज होते. मूळ रक्कम तशीच राहते. इथल्या पहिल्या पगारातून हे झेपत नाही. पूर्वी केंद्राची 'पढो परदेस' ही योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरचे व्याज शिक्षण चालू असेपर्यंत भरत असे. २०२२-२३ पासून ती बंद झाली. जुनी माहितीपत्रके अजून फिरतात, त्यांवर विसंबू नये.

उरलेल्या वाटा मात्र आहेत. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान पाहिले जाते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे सवलतीच्या दराचे शैक्षणिक कर्ज असते. ब्रिटनची चेव्हनिंग, जर्मनीची डाड, युरोपची इरॅस्मस मुंडुस, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, हंगेरीची स्टिपेंडियम हंगारिकुम, तुर्कस्तानची तुर्किये बुर्सलारी या शिष्यवृत्त्या धर्म किंवा जात पाहत नाहीत. त्यांचे अर्ज मात्र प्रवेशाच्या जवळपास वर्षभर आधी सुटतात. निकालानंतर धावाधाव केली तर त्या वेळेत बसत नाहीत. आणि ज्या जमातींत, मोहल्ल्यांत शिक्षणासाठी निधी आहे, तिथे कर्ज-ए-हसनाची सोय परदेशी शिक्षणासाठीही ठेवता येईल का, याचा विचार जबाबदार मंडळींनी करावा.

चौथा : माहिती कुणाकडून घेतली? एजंटला बहुतेक वेळा कॉलेजकडून कमिशन मिळते. जे कॉलेज कमिशन देत नाही त्याचे नाव तो सांगणार नाही. म्हणून प्रवेशपत्र आले की त्या विद्यापीठाला मुलाने स्वतः मेल करून खात्री करावी, आणि व्हिसाचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचावा. मामा-चाचांचा अनुभव मोलाचा असतो, पण तो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर नियम नव्याने तपासावेत.

आणि मुलींचे?

हे सगळे प्रश्न मुलीसाठीही तेच आहेत. तिच्याबाबत फक्त 'एकटी कशी राहील' एवढ्यावर चर्चा संपू नये. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. तिथले रोजचे अनुभव त्या लिहून पाठवत आणि ते 'तहजीब-ए-निस्वाँ' या उर्दू साप्ताहिकात छापले जात. त्यांचे प्रशिक्षण पूर्ण झाले नाही, पण त्या काळातल्या घराघरांतल्या मुलींनी ते वाचले. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम घराने जो विश्वास दाखवला, तो आज आपल्याला अवघड का जावा? राहण्याचे सुरक्षित वसतिगृह, त्या शहरातले एखादे ओळखीचे कुटुंब, महिन्याचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे बाजूला ठेवलेले पैसे : ही तयारी मुलगा असो की मुलगी, दोघांसाठीही करायची आहे.

जायचे की नाही?

जाऊ नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला विषयाची ओढ आहे, ज्याचे विद्यापीठ चांगले आहे आणि ज्याच्या मागे घराचे छप्पर गहाण पडलेले नाही, त्याने जरूर जावे. दारे थोडी बंद झाली म्हणून त्याने खचू नये. ज्याच्याकडे आज हे नाही, त्याने इथे चांगली पदवी घ्यावी, दोन वर्षे नोकरी करावी, भाषा शिकावी आणि मग शिष्यवृत्तीवर मास्टर्सला जावे. तोवर विद्यापीठेही इकडे येत आहेत : नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी २०२५ च्या जूनमध्ये यॉर्क आणि ॲबर्डीनसह पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे मिळाली आहेत.

यंदा ज्या घरांत हा निर्णय व्हायचा आहे, त्यांनी अम्मीचे दागिने आणि अब्बांची जमीन हिशोबात घेण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि वरचे चार प्रश्न त्यावर लिहावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर तो कागद तिथेच ठेवून दुसरा अभ्यासक्रम शोधावा. उत्तर 'हो' आले, तर अर्जाची तारीख लिहून भिंतीवर लावावी. अल्लाह आपल्या मुलांची मेहनत कामी लावो, आमीन.